वाढत्या अंगाची बॅट

"डॉक्टर, मी अजून वाढणार आहे का, की झालं आपलं?"

प्रश्न मुंगीच्या तोंडून बाहेर पडला खरा, पण तो तिच्या एकटीचा नव्हता. आदल्या संध्याकाळी मैदानाच्या बाकावर तोफ आणि भिंत या दोघींनी तिला मधे बसवून पैज लावली होती. तोफ म्हणजे त्यांच्या सॉफ्टबॉल संघाची पिचर. तिच्या हातातून चेंडू सुटला की समोरची मुलगी आधी डोळे मिटते आणि मग बॅट फिरवते. भिंत म्हणजे कॅचर, जिच्या मागे आजवर फारसं काही गेलेलं नाही. आणि मुंगी म्हणजे मुंगी. शाळेत नववीत, पण सहावीच्या रांगेत उभी केली तर कुणी हटकणार नाही एवढीशी. मात्र एका बेसवरून दुसऱ्यावर पळत सुटली की बघणाऱ्याच्या डोळ्यांना सापडायची नाही.

"उद्या दवाखान्यात जाणारेस ना? मग सरळ विचारून टाक," तोफ म्हणाली होती. "आईबाबांच्या देखत."

"आणि नाही विचारलंस तर महिनाभर माझे पायाचे पॅड तू धुवायचे," भिंतीने भर घातली होती.

भिंतीचे पॅड ज्याने एकदा हुंगलेत त्यालाच या धमकीचं वजन कळेल.

पण नुसत्या पॅडांना घाबरून मुंगी बोलली नव्हती. शुक्रवारी संघात पट्टीचा दिवस होता. मोठ्या स्पर्धेआधी ताई, म्हणजे त्यांच्या कोच, प्रत्येकीची बॅट तिच्या अंगाला लावून मोजायच्या, मुठीवर नवी पट्टी गुंडाळायच्या आणि मग स्पर्धा संपेपर्यंत ती बॅट त्याच मुलीची. अदलाबदल नाही, उसनवारी नाही, नंतरची रडारड तर मुळीच नाही. मुंगीकडे जी बॅट होती ती तेहतीस इंची. बाबांनी आणलेली. तोफेसारख्या ताडमाड मुलीला शोभेल अशी. मुंगीने ती खांद्यावर घेतली की लांबून बघणाऱ्याला वाटायचं, बॅटच मुलीला घेऊन निघाली आहे.

"वाढत्या अंगाची आहे," बाबा म्हणायचे. "दरवर्षी काय नवी घ्यायची? वाढशील की."

म्हणून हा प्रश्न. वाढणार असेल तर थोडी कळ काढू, नसेल तर तसं सांगून मोकळे व्हा.

डॉक्टरबाईंनी मुंगीच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे उजेडासमोर धरला होता. तो त्यांनी तसाच धरून ठेवला. उत्तर द्यायच्या आधी त्यांनी मुंगीकडे पाहिलं नाही. बाबांकडे पाहिलं, मग आईकडे. आई पर्सची चेन उघडत होती आणि मिटत होती.

"मागच्या खेपेलाच बोललो होतो ना आपण?" डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "हिला सांगितलं नाहीत तुम्ही?"

बाबांनी घसा खाकरला. "म्हटलं, पुन्हा एकदा फोटो काढून बघू. मशीनचं काय, कधीकधी चुकतंही."

"मशीन चुकलेलं नाही." डॉक्टरांनी खुर्ची मुंगीकडे वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर चिडल्याचं काही नव्हतं, उलट जरा दमल्यासारखं होतं. "हे बघ बाळ, हाडांच्या टोकाशी वाढीची जागा असते. फोटोत तिथे बारीक फट दिसते. तुझी ती फट मिटली आहे. हा आजार नाही, घाबरण्यासारखं काही नाही. पण आता तुझी उंची हीच. फार तर केसभर फरक पडेल."

"मग केस वर बांधून मोजते," मुंगी म्हणाली. घाबरली की तिला नेमकं असलंच सुचायचं.

डॉक्टर हसल्या. आई हसली नाही. आणि बाबा एक्स-रेकडे असे बघत होते, जणू दुसऱ्याच कुणाचा हात चुकून या पाकिटात आला आहे.

बसमध्ये तिघांना एकत्र जागा मिळाली नाही. आई पुढे खिडकीशी बसली. मुंगी आणि बाबा मागच्या लांब सीटवर. बाबांचे गुडघे कुठल्याच बसमध्ये मावायचे नाहीत. ते नेहमी तिरके बसायचे. दारं-खिडक्या बनवायच्या कारखान्यात ते सुतार होते आणि स्वतः बनवलेल्या दारातून जातानाही सवयीने मान वाकवायचे. त्यांचे भाऊ तसेच, बहीण तशीच. घरातला एकत्र काढलेला फोटो बघितला तर मुंगी कुणाच्या कोपराखाली आहे ते शोधावं लागायचं.

"तुझी आत्या कॉलेजात गेल्यावर वाढली," बाबा म्हणाले.

मुंगी तिकिटाची घडी घालत राहिली.

"खरंच सांगतो. एका सुट्टीत. चपला बदलाव्या लागल्या होत्या."

"बाबा, डॉक्टर म्हणाल्या, फट मिटली."

"डॉक्टर फोटो बघून बोलतात. मी तुला बघतोय ना रोज." त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. मोठी, उबदार थाप होती आणि मुंगीला ती आज नको झाली. "शुक्रवारी मी अर्धी सुट्टी टाकलीय. ताईंसमोर नीट ताठ उभी राहा म्हणजे झालं."

मुंगीने पुढे पाहिलं. आईचं डोकं खिडकीच्या काचेला टेकलं होतं आणि बस खड्ड्यातून गेली की काचेवर आपटत होतं. आई डोकं बाजूला घेत नव्हती.

घरी आल्यावर मुंगी दप्तर टाकून आपल्या टेबलाशी बसली. बसली म्हणजे चढली. ते टेबल बाबांनी तिच्यासाठी बनवलेलं, उत्तम लाकडाचं, कोपरे गोल केलेले, आणि इतकं उंच की लिहिताना तिचे खांदे कानाला लागायचे. खाली पाय टेकायला एक पाट ठेवला होता. "तात्पुरता," असं बाबा म्हणाले होते. त्या पाटाचा रंग तिच्या टाचांनी झिजून गेला होता. सायकलची सीट शेवटपर्यंत खाली केलेली होती तरी पायडलला पाय पोचवताना ती डावीकडे-उजवीकडे डुलायची. रेनकोटच्या बाह्या दुमडलेल्या, बुटांत पुढे कापूस. आजपर्यंत तिला याचं कधी काही वाटलं नव्हतं. उलट मजाच वाटायची, की पुढे कुणीतरी उंच, ऐटबाज मुलगी येणार आहे आणि हे सगळं तिच्यासाठी आधीच मांडून ठेवलंय. तोपर्यंत आपण राखण करतोय.

आता ती येणार नव्हती. मुंगीने पेन हातात घेतलं आणि बराच वेळ नुसतं धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांनी नेहमीसारखं उठवलं. घरामागच्या बोळात ते तिला रोज चेंडू टाकायचे, कारखान्यात जायच्या आधी. सॉफ्टबॉल त्यांना कुणी शिकवला नव्हता. मुलीसाठी शिकले होते. खालून हात फिरवून टाकायची तऱ्हा त्यांनी गॅलरीत बादलीवर नेम धरून घोटली होती, बादलीला अजून पोचा आहे. त्या पोच्याबद्दल आईने एक शब्द काढला नव्हता.

चेंडू आला. मुंगीला तो स्पष्ट दिसला, शिवण सुद्धा दिसली. तिने बॅट फिरवली, पण बॅटचं जड टोक खांद्यामागून निघून पुढे येईपर्यंत चेंडू जवळजवळ मागे गेला होता. तो मुठीच्या वर लागला आणि तिच्या दोन्ही तळव्यांत झिणझिण्या आल्या.

"जवळ होतं," बाबा म्हणाले.

"बाबा, वर धरू का जरा?"

"वर धरलंस तर लांबीचा उपयोग काय? खाली धर. सवय होईल. बॅट अंगाला लागायला वेळ घेते."

मुंगीने मूठ खाली नेली. मूठ वर घेऊन खेळायचा प्रयत्न तिने आधी केला होता. मग दांड्याचं उरलेलं टोक दर फटक्याला बरगडीत बसायचं आणि शर्टाखाली काळंनिळं व्हायचं. ते तिने घरी दाखवलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी ताई मैदानाच्या कडेला चटई टाकून बसल्या. शेजारी कात्री, पट्टीची रिळं आणि सगळ्या बॅटा ओळीने. ताई फार बोलायच्या नाहीत. पूर्वी स्वतः खेळायच्या, आता उजवा गुडघा वाकत नव्हता, म्हणून तो पाय सरळ पसरून बसायच्या आणि त्या पायावर बॅटा ठेवायच्या. मोजायची त्यांची रीत एकच. बॅटच्या मुठीचं गोल टोक छातीच्या मधल्या हाडावर टेकवायचं, बॅट बाजूला आडवी करायची आणि हात तिच्यावरून सरळ पसरायचा. बोटं दुसऱ्या टोकावरून खाली वळली, तर बॅट तुझी. वळली नाहीत, तर दुसऱ्या कुणाची.

तोफेची बोटं टोकावरून वळून वर दोन पेरं उरली. "तुला अजून मोठी लागेल, आहे तीच वापर," ताई म्हणाल्या.

भिंतीची बरोबर बसली. भिंत उगाच वाकून नमस्कार करून बाजूला झाली.

"मुंगे, ये."

मुंगी पुढे आली. जाळीमागे बाबा उभे होते. कारखान्यातून तसेच आलेले, भुवयांवर लाकडाचा भुसा. त्यांनी हात वर करून दाखवला. मुंगीने बॅट छातीला टेकवली, हात पसरला आणि हळूच खांदा बाहेर ढकलला. मग मान तिकडे कलती केली, मग कंबर. आता ती वाऱ्याने वाकलेल्या खांबासारखी दिसत होती.

"खांदा जागेवर," ताई म्हणाल्या आणि बोटाने तो मागे सारला.

मुंगीची बोटं टोकाच्या दीड-दोन इंच अलीकडे थांबली. तिथे ती उघडी पडली. 

"कुणी घेतली ही?"

"बाबांनी."

ताईंनी जाळीकडे पाहिलं. ओळीतली शेवटची बॅट उचलून त्यांनी मुंगीच्या हातात दिली. निळी होती, रंगाचे पोपडे उडालेली, एकोणतीस इंची. लहान गटातल्या मुली ती वापरायच्या आणि त्यातल्या कुणीतरी तिच्या मुठीवर फुलाचं चित्र कोरलं होतं. मुंगीने हात पसरला. खांदा न ढकलता बोटं टोकावरून सहज वळली.

"तोफे, हिला चार चेंडू टाक. खरे टाक."

तोफेने खरे टाकले. पहिला चेंडू आला आणि मुंगीला वाटलं, आपण काही केलंच नाही. बॅट गेली आणि आली. टण्ण असा स्वच्छ आवाज झाला, हातांना काही कळलंसुद्धा नाही आणि चेंडू दुसऱ्या बेसच्या डोक्यावरून जाऊन गवतात पडला. दुसरा डावीकडे रेषेला लागून गेला. तिसरा तोफेच्या कानाजवळून.

"ए, जीव घेतेस का माझा," तोफ ओरडली, पण खुशीत. मुली टाळ्या वाजवत होत्या. भिंत मुखवटा डोक्यावर सरकवून म्हणाली, "मुंगे, तू इतके महिने काय आमची फिरकी घेत होतीस?"

मुंगीला आनंद व्हायला हवा होता. इतका चांगला फटका तिच्या हातून कधी गेला नव्हता. पण कुणी गेल्याची बातमी आल्यावर वाटतं तसं तिला वाटलं. कारण चेंडू जेवढा लांब गेला तेवढं ते पक्कं झालं. डॉक्टरांचं एक वेळ चुकलं असतं, मशीनचं चुकलं असतं. स्वतःच्या हाताचं कसं चुकेल?

बाबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते जाळीच्या फटीतून आत आले, मान वाकवून.

"छान मारतेय," ते ताईंना म्हणाले. "ही तात्पुरती ना? पुढच्या वर्षी परत ती मोठी..."

"दादा, मी आजचा हात मोजते," ताई म्हणाल्या. "पुढच्या वर्षीचा मला दिसत नाही."

"नाही, पण ही लहान मुलांची आहे. फूल काढलंय तिच्यावर."

"फुलावर पट्टी येईल."

बाबा हसले. हसताना त्यांचा ओठ एका बाजूला थरथरला, आणि ते फक्त मुंगीला दिसलं, कारण तेवढ्या खालून तीच बघत होती. ताईंनी रीळ हातात घेतलं. "मुंगे, तू सांग. कुठल्या बॅटला बांधू?"

दोन्ही बॅटा चटईवर शेजारी शेजारी पडल्या होत्या, आईच्या शेजारी पोर झोपावं तशा. तोफ लांबून डोळ्यांनी खुणावत होती, निळी, निळी. बाबा काही खुणावत नव्हते. ते नुसते उभे होते आणि भुवयांवरचा भुसा झटकायचा त्यांना सुचत नव्हता.

"मोठीला," मुंगी म्हणाली.

"मोठ्याने बोल."

"मोठीला बांधा, ताई."

ताईंनी पट्टी बांधली. एकही सुरकुती न पडू देता, गोल गोल, वरपर्यंत. शेवटचं टोक कात्रीने कापलं आणि बॅट मुंगीच्या हातात दिली. तोफ पाठ फिरवून पाणी प्यायला निघून गेली.

त्याच संध्याकाळी पलीकडच्या शाळेच्या संघाशी सरावाचा सामना होता. तो कसा गेला ते सांगण्यात फारसं काही नाही. शेवटच्या डावात एक धाव हवी होती. तोफ तिसऱ्या बेसवर येऊन उभी होती, होमपासून, म्हणजे धाव पुरी होते त्या बेसपासून, हाकेच्या अंतरावर, एक पाय बेसवर आणि एक हवेत. चेंडू नुसता आतल्या मैदानातून बाहेर गेला असता तरी ती पोचली असती. बॅटिंगला आली मुंगी.

पहिल्या चेंडूला उशीर झाला. दुसऱ्याला तिने आधीच फिरवायला घेतली, तर तो हळू निघाला. तिसऱ्या वेळी तिने सगळा जीव लावला, बॅटचं टोक तिला पूर्ण फिरवून घेऊन गेलं आणि ती एका गुडघ्यावर बसली. मागे चेंडू कॅचरच्या हातमोज्यात जाऊन पडल्याचा आवाज आला. तीन हुकले, मुंगी बाद.

"जवळ होतं," जाळीमागून बाबांचा आवाज. "अगदी जवळ होतं."

तोफ तिसऱ्या बेसवरून चालत आली. हेल्मेट काढलं. मुंगीला वाटलं, आता शिव्या घालेल, आणि घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तोफ एवढंच म्हणाली, "मी तिथे उभी होते गं. तुला दिसत होते ना मी?" आणि गेली.

सगळ्या पांगल्यावर ताईंनी मुंगीला थांबवलं. त्या चटई गुंडाळत होत्या, मुंगीने दुसरं टोक धरलं.

"रविवारी स्पर्धेत तुला बाकावर बसवावं लागेल," ताई म्हणाल्या. "या बॅटने तुला खेळवलं तर बाकीच्या आठ जणींवर अन्याय आहे."

"हो ताई."

"पट्टी बांधली की बदल नाही, हे तुला माहीत आहे."

"हो."

"आजवर मी बांधलेली पट्टी कधी सोडलेली नाही." त्यांनी चटई काखेत मारली. "उद्या सकाळी मी इथे पाणी मारायला येणार आहे. एखाद्या मुलीने येऊन मला सांगितलं, तर सोडीन. मुलीने स्वतः. बाबांनी नाही, आईने नाही. आणि रडायचं असेल तर घरी रडून यायचं."

घरी जाताना बाबा भराभर बोलत होते. मनगटाला ताकद यायला हवी, वाळूची पिशवी बांधून फिरवायची, लटकायला दारात एक दांडा लावतो, लटकल्याने पाठ मोकळी होते, माणूस ताणला जातो. त्यांचं एक पाऊल म्हणजे मुंगीची दोन. ती बॅट ओढत त्यांच्या मागे चालत होती आणि बॅटचं टोक रस्त्याला घासून खर्र खर्र वाजत होतं. एरवी बाबा ओरडले असते. आज त्यांनी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

आई चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून नुकतीच आली होती. कॉटवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता. बाबा आंघोळीला गेले आणि मुंगी आईसमोर बसून मोज्यांच्या जोड्या लावायला लागली.

"बाबांनी बॅट कधी आणली गं?" तिने विचारलं. तिला माहीत होतं. दोन दिवस ते तिच्या डोक्यात घोळत होतं. फक्त कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं.

आईने शर्टाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "मागच्या खेपेला तुझा फोटो दाखवायला दवाखान्यात गेलो होतो, त्या दिवशी."

"डॉक्टरांनी सांगायच्या आधी?"

"नंतर." आई मोज्यांकडे बघत होती. "बाहेर पडलो. तू शाळेत होतीस. तुझे बाबा म्हणाले, तू हो पुढे, मी आलोच. मला वाटलं, कुठेतरी एकटे बसणार असतील. रडतील थोडं, येतील. आले ते बॅट घेऊन. आणि इतके खुशीत. शीळ घालत जिना चढले."

"तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? लग्न झाल्यापासून त्यांना शीळ घालताना ऐकलं नव्हतं मी. भीती वाटली मला." तिने एक मोजा उचलला. "हा कुणाचा? याची जोडी नाही."

"माझाच. आई, मला तरी सांगायचं होतंस."

"सांगणार होते. रोज सांगणार होते. मग तुम्ही दोघं बोळात खेळायला जायचात आणि मी वरून बघत बसायचे. म्हणायचे, आजचा दिवस जाऊ दे."

मुंगीला खूप काहीतरी लागेल असं बोलावंसं वाटलं. पण आईच्या चेहऱ्यावर चष्म्याच्या दुकानातला दिवसभराचा शीण होता, नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल खुणा होत्या, आणि तो बिनजोडीचा मोजा ती अजून तळहातावर सपाट करत होती. मुंगीने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि उठली.

बाबा मागच्या गॅलरीत होते. ओले केस, खांद्यावर टॉवेल. रस्त्याला घासून बॅटच्या टोकाला ओरखडे पडले होते आणि बाबा ते बारीक पॉलिश पेपरने घासत होते. धातूवर त्या कागदाचा काही उपयोग नव्हता, सुताराला हे कळत नसेल असं नाही.

"निघतील," मुंगीला बघून ते म्हणाले. "रविवारपर्यंत नवी करून देतो."

"बाबा, दवाखान्यातून येताना घेतलीत ना ही?"

कागद थांबला. आई दारात येऊन उभी राहिली होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बॅटकडे.

"वाटेत दुकान लागलं," ते म्हणाले. "मी काही ठरवून गेलो नव्हतो. काचेत बॅटा दिसल्या म्हणून शिरलो. दुकानदाराने विचारलं, मुलगी केवढी आहे? तो वय विचारत नव्हता, उंची विचारत होता. आणि मी हात वर केला. एवढा."

त्यांनी हात वर करून दाखवला. तळहात खाली, हवेत, स्वतःच्या खांद्याजवळ.

"आपोआप गेला. त्याने त्या मापाची काढून दिली. मला कळत होतं की हात खाली आणायला हवा. अगं, मी रोज मापं घेतो, मला कळत नाही का? पण त्या माणसासमोर तो खाली आणणं मला जमेना. वाटलं, आत्ता मी हा खाली आणला तर संपलंच."

हात अजून तिथेच होता. मुंगी पुढे होऊन त्याच्याखाली उभी राहिली. तिच्या डोक्यावर बरीच जागा मोकळी राहिली. बाबांनी ती जागा पाहिली आणि या वेळी त्यांना नजर दुसरीकडे नेता आली नाही. कितीतरी वेळाने हात खाली आला, तिच्या केसांवर टेकला, आणि ते गॅलरीच्या पायरीवर बसले. बसल्यावर दोघांचे डोळे एका पातळीत आले. बाबांचे डोळे भरले होते. आई दारातच उभी होती आणि पहिल्यांदाच तिचा जीव जरा भांड्यात पडल्यासारखा वाटला.

मुंगीने बॅट त्यांच्या मांडीवरून उचलून कठड्याला टेकवून ठेवली. ताईंनी सांगितलं होतं तसा तिने आवाज मोठा केला.

"आता दोघं ऐका. उद्या सकाळी मी एकटी मैदानावर जाणार आहे. ताईंना सांगणार आहे की या बॅटची पट्टी सोडा आणि निळीला बांधा. ही तोफेला देणार, तिला ती लागते. मी लहान बॅटने खेळणार, या वर्षीही आणि पुढेही. आणि बाबा, रविवारी तुम्ही यायचं नाही. आई येईल. तुम्ही जाळीशी दिसलात ना, की माझा हात पुन्हा मोठीकडे जाईल. मी ठरवलंय."